आजोबांची डुक्कर फियाट विकून पहिलं घर घ्यायचं, तर आधी काय आणि नंतर काय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात नोकरी, लग्नाला दोन वर्षं झालेली, आणि सिंहगड रस्त्याला ६२ लाखांचा तयार फ्लॅट पसंत पडलाय. बिल्डर १ लाख टोकन मागतोय आणि २१ दिवसांत करारनामा नोंदवा म्हणतोय. हाताशी साडेअकरा लाख आहेत, ते पुरत नाहीत. साताऱ्याकडे गावच्या घरी आजोबांची १९६२ ची फियाट ११०० सुपर सिलेक्ट उभी आहे, म्हणजे आपली डुक्कर फियाट. २०१२ पर्यंत ती घरच्यांनी चालवली, तेव्हापासून पडवीत आहे. आजोबा २००९ मध्ये गेले, पाठोपाठ आजीही गेल्या, पण गाडी अजून आजोबांच्याच नावावर आहे. गावचा एक व्यापारी ४ लाख रोख देऊन उद्याच उचलतो म्हणतोय. मुंबईचा एक हौशी माणूस साडेसहा देईन म्हणतो, पण कागद पूर्ण करून द्या, ही त्याची अट. विकावी का, विकण्याआधी अडीच लाख घालून चकचकीत करावी का, आणि द्यायची तर कोणाला, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत: विका. पण या २१ दिवसांत विकू नका, आणि गाडीच्या पैशाच्या भरवशावर फ्लॅटचं टोकन तर मुळीच देऊ नका. जुन्या गाड्या उभ्या करण्यात आणि त्यांचे व्यवहार जुळवण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. त्यात चांगल्या गाड्या मातीमोल गेलेल्या मी पाहिल्या, त्या बहुतेक घाईपायी. मुलीचं लग्न, दवाखाना, नाहीतर घराचा हप्ता. गाडी वाईट होती म्हणून नव्हे, तारीख अंगावर आली म्हणून भाव पडला. तुमच्यावर अजून तशी वेळ आलेली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

विका असं मी का म्हणतो, ते आधी सांगतो, कारण तुमच्या पत्रात त्याबद्दलची टोचणी जाणवते. या गाडीला जीप किंवा ट्रकसारखी वेगळी चासी नसते. खालचा पत्रा, दोन्ही बाजूंचे उंबरे, खांब आणि टप हे सगळं एकमेकांना जोडून जो पिंजरा होतो, तीच तिची चासी. त्यामुळे उंबऱ्याला लागलेला गंज नुसता दिसायला वाईट नसतो, तो गाडीचं हाडच खातो. साताऱ्याकडच्या पावसाळ्यात, शेणामातीच्या जमिनीवर, हवा गेलेल्या टायरांवर उभी असलेली गाडी दर वर्षी थोडी थोडी संपत असते. तुमच्या नव्या सोसायटीत एकच पार्किंग आहे आणि तिथे रोजची गाडी लागणार. म्हणजे ‘ठेवणं’ याचा तुमच्या बाबतीतला खरा अर्थ पडवीत कुजू देणं असा आहे. जिच्याकडे रोज बघायला कोणी नाही, तिला बघणारा माणूस मिळवून देणं हेच तिच्यावरचं प्रेम, असं मी मनापासून मानतो. तेवढ्यापुरती तरी टोचणी लावून घेऊ नका.

आता खरी अडचण. तुम्ही लिहिता, ‘आजोबांनी गाडी मला ठेवली आहे, घरात सगळ्यांना माहीत आहे.’ तसं मृत्युपत्र आहे का? नसेल तर ही गाडी तुमची नाही. आजोबा मृत्युपत्र न करता गेले आणि आता आजीही नाहीत, तेव्हा हिंदू वारसा कायद्याप्रमाणे ती त्यांच्या मुलामुलींची, सारख्या वाट्याने. तुमचे वडील, काका आणि दोन आत्या, असे चार वारस झाले. वडील हयात असताना नातवाचा त्यात हक्क नाही. साडेसहा लाखांना विकली तर एकेकाच्या वाट्याला १ लाख ६२ हजार ५०० येतात. तुम्ही हिशेबात पूर्ण साडेसहा धरलेत. बाकी तिघांनी राजीखुशीने वडिलांसाठी हक्क सोडला, आणि वडिलांनी ती रक्कम तुम्हाला दिली, तरच ते साडेसहा तुमचे.

हे बोलणं फोनवर करू नका. वडिलांना सोबत घेऊन काकांकडे आणि दोन्ही आत्यांकडे जाऊन या. मुंबईचा भाव साडेसहाचा आहे हे आकड्यासकट सांगा. आधी ‘जुनाट गाडी आहे, चार-पाच येतील’ म्हणून सह्या घ्यायच्या आणि नंतर खरा आकडा कानावर जायचा, यातून भावाबहिणींचं येणंजाणं बंद झालेलं मी पाहिलंय. उलटही पाहिलंय. एका घरात धाकट्या आत्यांनी सही करण्याआधी गाडीचे सगळे कागद बघायला मागितले. चामड्याच्या पिशवीतून वडिलांच्या अक्षरातली पेट्रोलच्या हिशेबाची वही निघाली. ‘ही मला द्या, गाडी खुशाल विका,’ म्हणाल्या आणि पैशातला वाटा घेतला नाही. लोकांना पैशापेक्षा विचारलं गेल्याचं जास्त वाटतं. आणि कोणाला आपला वाटा हवाच असेल, तर तो त्यांचा हक्क आहे, तोंड वाकडं न करता द्यायचा.

घराचा हिशेब बघू, म्हणजे गाडीकडून नक्की किती हवंय ते कळेल. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के कर्ज मिळतं. ६२ लाखांवर ते ४९ लाख ६० हजार झालं. उरलेले १२ लाख ४० हजार तुमचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी बँक या किमतीत धरत नाही, तो खर्च खिशातूनच करायचा. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक ७ टक्के, म्हणजे ४ लाख ३४ हजार, आणि नोंदणीचे ३० हजार. एकूण १७ लाख ४ हजार. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेला भाव करारापेक्षा जास्त निघाला तर मुद्रांक त्या भावावर लागतो, तेही बघून घ्या. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला तयार फ्लॅट असेल तर जीएसटी लागत नाही. बिल्डर तो मागत असेल तर आधी प्रमाणपत्र मागा.

म्हणजे तुम्हाला ५ लाख ५४ हजार कमी पडतात. घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांकात १ टक्का सवलत आहे. ६२ हजार वाचतात आणि खड्डा ४ लाख ९२ हजारांवर येतो. दोघांच्या नावावर घेतलं तर ही सवलत मिळत नाही. नावावर नसतानाही तुम्ही सहकर्जदार होऊ शकता, पण मग हप्त्यावरची आयकर सवलत तुम्हाला घेता येत नाही. दोघांचा पगार, दोघांचा कर, हे एका संध्याकाळी कागद घेऊन मांडून बघा. भविष्य निर्वाह निधीतून घरासाठी रक्कम काढता येते, तिचीही चौकशी करा. गाडी हा पहिला पर्याय नसावा, शेवटचा असावा.

वैयक्तिक कर्ज काढून गाडी वाचवावी का, असंही तुम्ही एका ओळीत विचारलंय. साडेपाच लाख, १२ टक्के, पाच वर्षं, तर हप्ता महिन्याला सुमारे १२,२०० रुपये. बँक गृहकर्ज देताना हा हप्ता तुमच्या ऐपतीतून वजा करते. तेवढ्याच हप्त्यात साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचं जवळपास १४ लाखांचं गृहकर्ज बसतं. म्हणजे साडेपाच लाखांच्या कर्जापायी गृहकर्जाची ऐपत १४ लाखांनी घटते. तसं करू नका.

आता तारखा. चार वारसांकडून गाडी वडिलांच्या नावावर, मग नोंदणीचं नूतनीकरण, मग विक्री. सगळं सुरळीत झालं तरी यात दोन-तीन महिने सहज जातात, आणि बिल्डरचे २१ दिवस तिकडे धावत असतात. म्हणून बिल्डरशी बोला. घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी केलेल्या रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करार केल्याशिवाय त्याला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. टोकनच्या पावतीवर रक्कम परत कधी आणि किती मिळणार ते लिहून घ्या, आणि करारासाठी साठ-सत्तर दिवस मागा. तयार फ्लॅट पडून असेल तर तो बहुधा देईल. नाहीच दिले, तर वडिलांकडून किंवा घरच्या सोन्यावर दोन-तीन महिन्यांपुरती उसनवारी करा आणि गाडीचे पैसे आले की फेडा. तेही जमत नसेल तर हा फ्लॅट सोडा. सिंहगड रस्त्यावर दुसरा फ्लॅट मिळेल, घाईत चार लाखांना गेलेली गाडी परत साडेसहाची होणार नाही.

कागदांचं काम जरा नेटाने सांगतो, कारण भावातला सगळा फरक तिथेच आहे. व्यापारी चार देतोय आणि हौशी साडेसहा, ते हौशी माणसाला गाडी जास्त आवडली म्हणून नव्हे. व्यापारी तुमच्याकडून न झालेलं कागदाचं काम विकत घेतोय. ते काम तो करून घेईल आणि मधले अडीच लाख त्याचे.

सगळ्यात आधी मूळ नोंदणी पुस्तक शोधा, ते जाडसर वहीसारखं जुनं पुस्तक. त्यावर चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक असतात. ते गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी स्वतः जुळवा. रॉकेलच्या फडक्याने जागा पुसायची, वर पातळ कागद धरायचा आणि शिसपेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासायची. आकडे पांढरे उमटतात. आरटीओत तपासणीला हीच छाप लागते. ती घेताना वाळूचा कागद मारू नका. गंज काढण्याच्या उत्साहात कोणी क्रमांकच पुसट केला, तर गाडी नव्याने सिद्ध करत बसावं लागतं. इंजिन मधल्या काळात बदललेलं असेल आणि पुस्तकात नोंद नसेल, तर ते आत्ताच कळलेलं बरं. साठ वर्षांच्या गाडीत असं बऱ्याचदा निघतं. बदललेलं इंजिन हा गुन्हा नाही, लपवलेलं इंजिन मात्र व्यवहार मोडतं.

मग ज्या आरटीओत गाडीची नोंद आहे तिथे जाऊन गाडी ‘वाहन’ या संगणक प्रणालीत आहे का ते बघा. तीन इंग्रजी अक्षरांच्या जुन्या मालिकेतल्या, मधल्या काळात फिरकल्याच नाहीत अशा कित्येक गाड्या त्यात नसतात. तिथली मंडळी याला ‘बॅकलॉग’ म्हणतात. मूळ पुस्तक आणि कार्यालयातलं जुनं रजिस्टर बघून ती नोंद चढवावी लागते. ती चढल्याशिवाय पुढचा कुठलाच अर्ज ऑनलाइन भरता येत नाही. दोन-तीन महिने मी म्हणालो, त्यातला मोठा वेळ इथे जातो.

नोंद चढली की मृत मालकाच्या नावावरून वारसाच्या नावावर करण्याचा फॉर्म ३१. सोबत मृत्यूचा दाखला, वारसांचा पुरावा आणि बाकी तिघांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र. कायद्याने हे मालक गेल्यावर लगेच करायचं असतं, त्यामुळे उशिराचा दंड बसेल, तो मुकाट्याने भरा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून तपासणी करून घ्यावी लागते. तुमची ती केव्हाच संपली असणार. त्यात उशिराची रक्कम, पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि आता उच्च सुरक्षा नंबरप्लेट, एवढं सगळं येतं. आकडा ऐकून बिचकू नका. हा खर्च चार आणि साडेसहामधल्या फरकापुढे किरकोळ आहे, आणि तो चारही वारसांच्या रकमेतून आधी वजा करायचा, हे ठरवून ठेवा.

विंटेज नोंदणीचं काय, असं तुम्हाला कोणीतरी सुचवलंय. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ही तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी त्यात बसते, तुमचीही बसेल. नव्याने नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. ज्यांची नोंदणी आधीपासून आहे त्यांना जुना नंबर ठेवता येतो. पण अशी गाडी रस्त्यावर रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच बाहेर काढायची. ज्यांची नोंदणी उरलेलीच नाही, त्यांच्यासाठी ही सोय आहे. तुमचं पुस्तक सापडलं की तो प्रश्न नाही. साधी नोंदणी जिवंत करा. रविवारी सकाळी बायकोमुलांना घेऊन वाईला जाता येतं, यालाही गिऱ्हाईक पैसे मोजतं. विंटेजमध्ये न्यायची की नाही ते नव्या मालकाला ठरवू द्या.

आता अडीच लाखांचं रंगकाम. हा सल्ला ज्याने दिला त्याचं गॅरेज आहे का, एवढं विचारा. विकायच्या गाडीला रंग देऊ नका. डुक्कर फियाटचं जाणकार गिऱ्हाईक खिशात लोहचुंबक घेऊन येतं. दाराच्या खालच्या कडेला, चाकावरच्या कमानीला, उंबऱ्याला लावून बघतं. चिकटला तर पत्रा, नाही चिकटला तर पुट्टी. नवा चकचकीत रंग दिसला की त्याला पहिला संशय येतो की खाली काय झाकलंय. जुना, फिका पडलेला पण कंपनीचा रंग आणि खाली दिसणारा खरा गंज, याला तो जास्त भाव देतो, कारण त्याला काय घ्यायचंय ते दिसतं. शिवाय त्याला स्वतःच्या पसंतीने, स्वतःच्या माणसाकडून काम करून घ्यायचं असतं. तुमचे अडीच लाख त्याच्या हिशेबात शून्य धरले जातात.

करायचं ते वेगळं आहे आणि स्वस्त आहे. चौदा वर्षं उभ्या गाडीला बॅटरी लावून चावी फिरवू नका. कोणी हौसेने ढकलून सुरू करायलाही जाऊ नका. आधी चारही प्लग काढा, प्रत्येक भोकातून थोडं तेल सोडा, एक-दोन दिवस तसंच राहू द्या आणि मग पुलीवरून इंजिन हाताने फिरतं का बघा. फिरलं तर निम्मी लढाई जिंकली. अडकलं तर जोर लावू नका, जाणकार मिस्त्री बोलवा. टाकीतलं जुनं पेट्रोल डिंकासारखं झालेलं असतं, ते सगळं काढून टाकी आणि कार्बोरेटर धुऊन घ्या. इंजिन ऑइल, रबरी पाइप, ब्रेकचं तेल आणि व्हील सिलिंडरचे रबर बदला. उंदरांनी वायरिंग कुठे खाल्लंय ते बघा. गाडी स्वतःच्या पायावर सुरू होऊन अंगणात पुढे-मागे झाली आणि ब्रेकवर थांबली, एवढं पुरे. पुणे असेल तर नाना पेठेत आणि मुंबईत ऑपेरा हाऊसला या गाडीचे रबर, पंपाचे किट असले चालू भाग अजून सापडतात, कारण ११०० चं बरंचसं यंत्र पुढे प्रीमियर पद्मिनीत राहिलं आणि ती २००० सालाच्या आसपासपर्यंत कुर्ल्याच्या कारखान्यात बनत होती. मिळत नाहीत ते अंगावरचे भाग. पुढची जाळी, हबकॅप, मागच्या दिव्यांच्या काचा, दारांच्या मुठी, कडेच्या चकचकीत पट्ट्या. म्हणून माळ्यावर, कोठारात, अडगळीत जे जे या गाडीचं पडलं असेल ते गोळा करा. वाकलेलं, फुटलेलं, काहीही टाकू नका. जॅक, पान्यांची पिशवी, दुसरी चावी, जुनी बिलं, सगळं एका पेटीत. चांगल्या जाळीपायी आणि दिव्याच्या दोन काचांपायी माणसं गावोगाव फिरतात.

पद्मिनी भरपूर बनल्या आणि अजून पुष्कळ उरल्या आहेत. मुंबईतल्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धावत होत्या. तुमची गाडी त्यांच्या आधीच्या पिढीची, उलट्या उघडणाऱ्या पुढच्या दारांची. ती संख्येने कमी, म्हणून तिला वेगळा भाव. पण तो भाव जाहिरातीत लिहिलेल्या आकड्यांवरून काढू नका. तिथे लोक मनातला आकडा लिहितात आणि गाडी दोन वर्षं तशीच पडून राहते. याच मॉडेलच्या दोन-तीन मालकांना गाठून प्रत्यक्षात किती देऊन घेतली ते विचारा. पुण्या-मुंबईत रॅली होतात, तिथे जाऊन या. या गाडीवाल्यांना दुसऱ्या गाडीबद्दल कोणी विचारलं की त्यांना आनंद होतो, भरभरून सांगतात. सोबत फोटो न्या, आणि फोटो खोटे नकोत. गालिचा उचलून खालचा पत्रा, उंबऱ्यांची आतली बाजू, डिकीचा तळ, दारांच्या खालच्या कडा, कोरलेले क्रमांक आणि थंड इंजिन सुरू होतानाचा अखंड व्हिडिओ. गिऱ्हाईक बघायला येणार असेल त्या दिवशी गाडी आधी सुरू करून गरम करून ठेवू नका. बॉनेटला हात लावून ते त्याला कळतं, आणि मग तो बाकी कशावरही विश्वास ठेवत नाही.

गावच्या व्यापाऱ्याला सरळ नाही म्हणा. चार लाख रोख ही रक्कमच तुम्हाला अडचणीत आणेल. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याने मनाई आहे आणि दंड तितक्याच रकमेचा, तोही घेणाऱ्याला. शिवाय ते पैसे घरासाठी दाखवायचे कसे? बँक मार्जिनचे, म्हणजे कर्जाबाहेरचे तुमच्या वाट्याचे पैसे कुठून आले ते विचारते. आणखी एक. ‘फॉर्म २९-३० वर सह्या करून ठेवा, पार्टीचं नाव मी नंतर टाकतो’ असं तो म्हणणारच. हे मालकी बदलण्याचे अर्ज, कोऱ्या फॉर्मवर सही करायची नाही. विकल्यावरही आरटीओच्या दप्तरी नाव तुमच्या वडिलांचंच राहिलं आणि गाडीने कोणाला ठोकरलं, तर भरपाई नोंदणीकृत मालकाकडून वसूल होते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय. व्यापाऱ्यामार्फतच द्यायची वेळ आली तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकृत डीलर प्रमाणपत्र आहे का बघा. ते असेल तर गाडी ताब्यात दिल्याची नोंद ऑनलाइन करता येते आणि तिथून जबाबदारी त्याची.

मुंबईच्या गृहस्थांना कळवा की कागद करतोय, तीन महिने लागतील, मन असेल तर थोडा इसार देऊन ठेवा. इसार खात्यावर घ्या आणि दोन्ही बाजूंच्या सहीने एका पानावर लिहून घ्या: रक्कम, तारीख, कागद कोणाकडून किती पूर्ण होणार, आणि नाही झाले तर इसार परत. ते पैसे परत करावे लागतील अशी तयारी ठेवूनच घ्या, ते टोकनला वापरू नका. ते तीन महिने थांबले तर माणूस खरा. नाही थांबले, तरी पूर्ण कागदांची, सुरू होणारी डुक्कर फियाट तुमच्या हातात असेल आणि तिला गिऱ्हाईक मिळेल. उरलेली पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्यावरच चावी द्यायची. २९ आणि ३० वर त्यांचं नाव, पत्ता, तारीख भरूनच सह्या, आणि गाडी कधी, किती वाजता ताब्यात दिली त्याची पावती. राज्यातल्या राज्यात विकताना मालकाने १४ दिवसांत कळवायचं असतं, ते त्याच दिवशी करून टाका.

कराबद्दल मी गाडीवाल्याच्या अनुभवाइतकंच सांगतो, अंतिम शब्द सीएचा. घरच्या वापरातली मोटार ही वैयक्तिक वापराची वस्तू धरली जाते आणि तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. पण ‘वापरातली’ या शब्दाला वजन आहे. १९३१ ची फोर्ड १९८३ मध्ये २०,००० रुपयांना घेऊन पुढे २१ लाखांना विकलेल्या एका प्रकरणात मालकाला वैयक्तिक वापर दाखवता आला नाही, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये कर लागतो असा निकाल दिला. गाडी वापरता येण्यासारखी होती, एवढं पुरत नाही. म्हणून २०१२ पर्यंतची विम्याची कागदं, दुरुस्तीची बिलं, लग्नाकार्यातले गाडीसकटचे फोटो, सगळं जपून ठेवा. आत्यांकडची ती जुनी अल्बमं आत्ताच बघून घ्या. विक्रीचे पैसे वडिलांच्या खात्यात येतील आणि ते तुम्हाला भेट देतील. वडील, काका, आत्या यांच्याकडून मिळालेल्या भेटीवर तुम्हाला कर नाही. साध्या कागदावर भेटपत्र करा, बँकेला तेच दाखवायचं.

तुम्ही शेवटी विचारलंय, ‘आठवण म्हणून काय ठेवावं?’ गाडीवरून काहीही काढू नका, स्टिअरिंगवरचं चिन्हसुद्धा नाही. ते गेलं की पुढचा मालक जन्मभर शोधत बसतो. फोटो काढा, नोंदणी पुस्तकाच्या प्रत्येक पानाची प्रत ठेवा. गाडी चालू झाली आणि विमा-तपासणी झाली की द्यायच्या आधी वडिलांना आणि आत्यांना त्यातून वाईपर्यंत नेऊन आणा, गाडी वडिलांना चालवू द्या. त्या गिअरची सवय हाताला असतेच. आणि नव्या मालकाकडून एक शब्द घ्या की पुढे कधी विकायची झाली तर आधी तुम्हाला विचारतील. कायद्यात त्याला फार जोर नाही, पण या छंदातली माणसं असा शब्द पाळतात. दुसऱ्या पिढीकडे परत आलेल्या गाड्या मी स्वतः पोचवल्या आहेत.

आत्यांपैकी कोणी नाहीच म्हणाल्या तर गाडी विकता येणार नाही, आणि त्यांच्यावर दडपण आणून विकूही नये. तेव्हा ६२ ऐवजी ४० लाखांपर्यंतचा फ्लॅट बघा. त्याच ८० टक्क्यांच्या नियमाने मार्जिन ८ लाख, मुद्रांक २ लाख ८० हजार, नोंदणी ३० हजार, मिळून ११ लाख १० हजार. ते तुमच्याकडे आज आहेत. सिंहगड रस्त्याच्या थोडं पलीकडे, धायरीच्या बाजूला जुन्या इमारतींमध्ये त्या भावात काय मिळतंय ते याच रविवारी एक फेरी मारून बघून ठेवा, म्हणजे आत्यांच्या दारात तुम्ही अडलेले म्हणून जाणार नाही.